दुसऱ्या खुर्चीचा खर्च : फिलाडेल्फिया ईगल्सचा २०१७चा हंगाम

पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचं नाव जुनं. संघ १९३३चा, आणि १९६० साली लीगचं विजेतेपदही मिळालेलं. पुढे सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, सुरू झाला आणि या संघाची पाटी कोरीच राहिली. १९८१ मध्ये रेडर्सकडून, २००५ मध्ये पेट्रियट्सकडून, दोन्ही वेळा अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हात हलवत परत. शहरातला प्रेक्षक तिखट, घरच्या खेळाडूचीही हुर्यो उडवायला मागेपुढे न पाहणारा.

डिसेंबर २०१५ मध्ये चिप केली या प्रशिक्षकाला काढलं आणि जानेवारी २०१६ मध्ये डग पीडरसन आले. काही वर्षांपूर्वी हा माणूस लुइझियानातल्या एका शाळेच्या संघाला शिकवत होता. खेळाडू म्हणूनही त्याची कारकीर्द बहुतेक बाकावरच गेली होती. ग्रीन बेमध्ये ब्रेट फार्व्हच्या मागे तो वर्षानुवर्षं राखीव क्वार्टरबॅक होता. १९९९ मध्ये याच ईगल्सकडून त्याला नऊ सामन्यांत सुरुवात करायला मिळाली, तीही नवा पोरगा डोनोव्हन मॅकनॅब तयार होईपर्यंत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. कुणाला फेकायचा, कुणाच्या हाती द्यायचा हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. क्रिकेटमध्ये कर्णधार, यष्टिरक्षक आणि सलामीवीर एकच असावा आणि तो जायबंदी झाला तर काय होईल, तशी या एका माणसाच्या दुखापतीची भीती असते. म्हणून ईगल्सचे व्यवस्थापक हॉवी रोझमन यांनी २०१६ मध्ये बऱ्याच निवडी मोजून ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, दुसरा क्रमांक मिळवला आणि नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ घेतला. पहिल्या हंगामात संघ ७ जिंकला, ९ हरला. पोरगा चांगला आहे, एवढं कळलं.

२०१७च्या वसंतात रोझमननी आणखी एक सही घेतली, जिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. निक फोल्सला राखीव क्वार्टरबॅक म्हणून दोन वर्षांसाठी १ कोटी १० लाख डॉलरवर परत आणलं. फोल्स २०१२ साली ईगल्सनेच निवडलेला. २०१३ मध्ये त्याने २७ टचडाउन पास (चेंडू गोलरेषेपार पोचवणारे) फेकले आणि फक्त २ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला; ओकलंडला तर एकाच सामन्यात सात टचडाउन. त्यानंतर घसरण. दुसऱ्या संघात पाठवणी, तिथून मुक्तता, आणि २०१६च्या उन्हाळ्यात खेळ सोडायचा विचार. त्या वर्षी संपूर्ण संघाच्या पगाराला १६ कोटी ७० लाख डॉलरची मर्यादा होती. जो बहुधा मैदानात उतरणारच नाही अशा माणसावर वर्षाला सरासरी ५५ लाख बांधणं अनेकांना चैन वाटू शकते. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. बाकीचे सगळे याच्यामुळे शक्य झाले.

अडचण

हंगाम सुरू झाला आणि गाडी सुसाट निघाली. तिसऱ्या सामन्यात जायंट्सविरुद्ध शेवटच्या क्षणी जेक इलियट या नवख्या किकरने ६१ यार्डांवरून चेंडू मारला आणि संघ २७-२४ असा जिंकला. इलियटही मूळ किकर जखमी झाला म्हणून दुसऱ्या संघाच्या सराव-तुकडीतून उचललेला. त्या वर्षीची हीच तऱ्हा होती. डॅरेन स्प्रोल्स जायबंदी होऊन गेला, डावीकडचा आधारस्तंभ जेसन पीटर्स गेला, बचावफळीला हाका देणारा जॉर्डन हिक्स गेला. पीटर्स आणि हिक्स तर एकाच सामन्यात. तरी ११ सामन्यांनंतर १० विजय, १ पराभव.

१० डिसेंबर २०१७, लॉस एंजेलिस, समोर रॅम्स. तिसऱ्या सत्रात वेन्ट्झ स्वतःच चेंडू घेऊन धावला आणि गोलरेषेजवळ दोन बचावपटूंच्या मधून त्याने सूर मारला. टचडाउन! पण ईगल्सच्याच खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला धरल्याबद्दल पंचांनी झेंडा टाकलेला होता आणि गुण रद्द झाले. वेन्ट्झ उठला, डावा पाय जपत उभा राहिला आणि आणखी चार चाली खेळला. चौथ्या चालीवर त्याने अल्शन जेफ्रीला टचडाउन पास दिला. मग तो बाजूला गेला तो गेलाच. गुडघ्याचं एसीएल लिगामेंट फाटलं होतं.

फोल्स उतरला, संघ ४३-३५ असा जिंकला, गटही खिशात आला. दुसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला आणि जिंकलेल्या संघावर सुतकी कळा पसरली. वेन्ट्झच्या नावावर १३ सामन्यांत ३३ टचडाउन पास आणि ७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) होते. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचं नाव चर्चेत होतं.

समोर असलेले पर्याय

कागदावर तीन वाटा होत्या. एक, तिसऱ्या क्रमांकाचा तरुण नेट सडफेल्ड. दुसरी, बाहेरून एखादा अनुभवी क्वार्टरबॅक. पण डिसेंबरच्या मध्याला नव्या माणसाला शेकडो चालींची नावं, खुणा, हाका शिकवायच्या म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार. तिसरी वाट फोल्सची, आणि ती वसंतातच पैसे मोजून मोकळी ठेवलेली होती. त्यामुळे ‘कोण खेळणार’ हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला.

‘कसं खेळणार’ हा मात्र सुटायला महिनाभर लागला. वेन्ट्झ धिप्पाड आणि चपळ. चाल फसली की घोळक्यातून निसटायचा, धावता धावता लांब फेकायचा. फोल्स उंच, पण पायाने मंद. त्याचं बलस्थान एकाच जागी उभं राहून चेंडू पटकन सोडण्यात. सुरुवातीला प्रशिक्षकांनी वेन्ट्झची प्लेबुक, म्हणजे चालींची वही, जवळजवळ तशीच फोल्सच्या हाती दिली. त्यात कारण नव्हतं असं नाही. बाकीचे दहा जण तीच भाषा बोलत होते, आणि एका माणसासाठी दहा जणांच्या सवयी मोडणं जोखमीचं.

जायंट्सविरुद्ध चार टचडाउन पास पडले तेव्हा वाटलं, जमलं. पण नाताळच्या रात्री रेडर्सविरुद्ध फोल्सचे ३८ पैकी १९च पास लागले. बचावफळीने सामना ओढून १९-१० असा जिंकून दिला आणि अव्वल मानांकन पक्कं झालं. ३१ डिसेंबरला काउबॉइजशी शेवटचा साखळी सामना होता, ज्यात मिळवायला काही उरलं नव्हतं. तिथे फोल्स थोडा वेळ खेळला : ११ पैकी ४ पास, ३९ यार्ड, एक इंटरसेप्शन. मग सडफेल्ड आला. ०-६ पराभव. साखळीत १३ विजय, ३ पराभव असलेला संघ बाद फेरीत शिरताना कुणालाच घाबरवत नव्हता.

काय केलं

अव्वल मानांकनामुळे पहिल्या आठवड्यात सुट्टी होती. म्हणजे काउबॉइजच्या सामन्यापासून १३ जानेवारीच्या फाल्कन्सच्या सामन्यापर्यंत जेमतेम दोन आठवडे. या दोन आठवड्यांत जे झालं ते मला पुढे सुपर बोलमध्ये गाजलेल्या फसव्या चालीपेक्षा मोठं वाटतं.

पीडरसन, आक्रमण-समन्वयक फ्रँक राइक आणि क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक जॉन डीफिलिपो यांनी फोल्सची जुनी चित्रफीत काढली, थेट २०१३पासूनची. हा माणूस चांगला खेळतो तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं, हे त्यांना शोधायचं होतं. सोबत त्यालाच विचारलं की तुला कुठल्या चाली आवडतात. तिघांपैकी दोघं स्वतः जन्मभर राखीव क्वार्टरबॅक राहिलेले. पीडरसनचं वर आलंच आहे. राइक तर १९९३च्या जानेवारीत बफेलोकडून दुखापतग्रस्त जिम केलीच्या जागी उतरला होता आणि ३-३५ अशा पिछाडीवरून त्याने सामना ४१-३८ असा जिंकून दिला होता. बाकावर बसलेल्या माणसाला काय हवं असतं, हे या दोघांना पुस्तकात वाचायची गरज नव्हती. अशा माणसाला सगळा आठवडा दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून सराव करावा लागतो.

उत्तर निघालं आरपीओ (रन-पास ऑप्शन, म्हणजे धाव की पास हे ऐनवेळी ठरवायच्या) चालींचं. संघ या चाली आधीही खेळायचा, आता त्यांच्यावरचा भर वाढवला. चालीची रचना समजून घेण्यासारखी आहे. चेंडू हातात आला की क्वार्टरबॅक तो धावपटूच्या पोटाशी नेतो आणि समोरच्या एकाच बचावपटूवर नजर ठेवतो. तो धावपटूला रोखायला पुढे आला, तर त्याच्या पाठीमागे जागा रिकामी होते. चेंडू काढून घ्यायचा आणि तिथे तिरक्या धावणाऱ्या साथीदाराकडे फेकायचा. तो जागीच थांबला, तर चेंडू धावपटूच्या पोटाशी सोडून द्यायचा. अकरा जणांना वाचायची गरज नाही, एकाला वाचलं की पुरे. पळावं लागत नाही, आणि चेंडू हातात फार वेळ राहत नाही. फोल्सच्या दुबळ्या बाजू आपोआप झाकल्या जातात.

फाल्कन्सविरुद्ध घरच्या मैदानावर, अव्वल मानांकन असूनही, सट्टेबाजांनी ईगल्सलाच कमकुवत ठरवलं. फोल्सचे ३० पैकी २३ पास लागले, २४६ यार्ड, आणि संघ १५-१० असा जिंकला. ईगल्सच्या लेन जॉन्सन आणि क्रिस लाँग यांनी सामन्यानंतर कुत्र्याचे मुखवटे चढवले. इंग्रजीत कमकुवत बाजूला ‘अंडरडॉग’ म्हणतात, त्यावरचा हा टोमणा. पुढच्या आठवड्यात स्टेडियमभर तेच मुखवटे. त्या सामन्यात समोर मिनेसोटा व्हायकिंग्ज होते, त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी गुण देणारी बचावफळी. निकाल ३८-७. फोल्स ३३ पैकी २६, ३५२ यार्ड, तीन टचडाउन.

दुसरा निर्णय चौथ्या डाउनचा, आणि तो हंगामभर घेतला जात होता. दहा यार्ड पुढे जायला चार संधी, म्हणजे चार डाउन, मिळतात. तीन वाया गेल्या की बहुतेक प्रशिक्षक चेंडू लाथेने लांब भिरकावून देतात, त्याला पंट म्हणतात. चौथीत अपयश आलं तर चेंडू आहे त्या जागी प्रतिस्पर्ध्याला मिळतो. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची असते, ती टाळता येत नाही. इथे टाळता येते, म्हणूनच सगळे टाळतात. पीडरसननी टाळायचं कमी केलं. संघाचे आकडेवारीतज्ज्ञ कुठल्या जागी किती यार्ड उरले असता प्रयत्न करणं फायद्याचं ते आधीच काढून ठेवत आणि सामन्यात त्यांचा सल्ला पीडरसनच्या कानातल्या हेडसेटवर येई. साखळीत ईगल्सनी २६ वेळा चौथ्या डाउनवर प्रयत्न केला आणि १७ वेळा साधला.

४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस, सुपर बोल, समोर क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे पेट्रियट्स. आपल्याकडे ती सोमवारची पहाट होती. पहिला अर्धा भाग संपायला ३८ सेकंद, ईगल्स १५-१२ आघाडीवर, चौथा डाउन, गोलरेषा एका यार्डावर. फील्ड गोल मारून, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून घालवून, तीन गुण घेणं हा समंजस पर्याय. फोल्स प्रशिक्षकाजवळ आला आणि विचारलं, ‘फिली फिली’ ही फसवी चाल करायची का? पीडरसन क्षणभर थांबले आणि म्हणाले, हो, करू या. मैदानावर फोल्स आक्रमणाच्या रांगेकडे चालत गेला, जणू साथीदारांना काही सांगायचं आहे. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे उडाला, त्याने धावता धावता तो ट्रे बर्टनकडे उडवला, बर्टनने एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, एकट्या उभ्या असलेल्या फोल्सकडे फेकला. क्वार्टरबॅकने झेललेलं टचडाउन. २२-१२. गंमत म्हणजे त्याच सत्रात आधी पेट्रियट्सनीही ब्रेडीकडे पास फेकायची फसवी चाल केली होती आणि चेंडू ब्रेडीच्या बोटांवरून निसटला होता.

पण सामना खरा फिरला तो दुसऱ्याच चौथ्या डाउनवर, ज्याची चित्रफीत कुणी फारशी दाखवत नाही. पेट्रियट्स ३३-३२ असे पुढे गेलेले, ५ मिनिटं ३९ सेकंद उरलेली, ईगल्स स्वतःच्या ४५ यार्ड रेषेवर, हवा एक यार्ड. इथे चुकलं तर ब्रेडीच्या हाती चेंडू आणि अर्धं मैदान, म्हणजे खेळ खल्लास. लाथ मारली तरी चेंडू ब्रेडीकडेच जाणार, आणि त्या रात्री त्याने ५०५ यार्ड पास फेकले. पीडरसननी दुसरा हिशोब धरला. फोल्सने झॅक अर्ट्झला छोटासा पास दिला. दोन यार्ड. त्याच मोहिमेच्या शेवटी अर्ट्झचाच टचडाउन आला, २ मिनिटं २१ सेकंद बाकी असताना.

निकाल

ब्रँडन ग्रॅहमने ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला, इलियटने ४६ यार्डांवरून फील्ड गोल मारला, आणि ४१-३३. ईगल्सचा पहिला सुपर बोल. फोल्स ४३ पैकी २८, ३७३ यार्ड, तीन टचडाउन पास, सामनावीर. दोन्ही संघांनी मिळून १,१५१ यार्ड काढले आणि सबंध सामन्यात पंट पडला तो एकच. सप्टेंबरमध्ये पुढचा हंगाम सुरू होण्याआधी स्टेडियमबाहेर फोल्स आणि पीडरसन यांचा पुतळा बसला : चौथ्या डाउनआधी बोलणारे दोघं.

वेगळं काय करता आलं असतं

यशाची गोष्ट सांगताना सगळे निर्णय शहाणपणाचे दिसू लागतात. फाल्कन्सच्या सामन्यात शेवटच्या चौथ्या डाउनवर त्यांचा ज्युलियो जोन्स एंड झोनमध्ये घसरला, उठला, आणि चेंडू त्याच्या हातांतून गेला. तो झेल लागता तर आरपीओबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या नसत्या. तेव्हा निकाल बाजूला ठेवून निर्णय तपासलेले बरे.

काउबॉइजविरुद्धचा सामना मला अजून खटकतो. फोल्सला विश्रांती द्यायची होती तर उतरवायचंच नव्हतं. लय सापडायला हवी होती तर अर्धा सामना तरी, नव्या चालींसह, खेळवायला हवा होता. थोडा वेळ खेळवून बाहेर घेतल्याने विश्रांतीही नाही आणि सरावही नाही, वर आत्मविश्वासाला तडा. नाताळच्या रात्रीनंतरच प्लेबुक बदलायला घेतली असती तर हा सामना मोफतची प्रयोगशाळा ठरला असता. दोन आठवडे मिळाले ते मानांकनाच्या कृपेने; ती सुट्टी नसती तर?

वेन्ट्झचं धावणं हाही प्रश्न. महागडा क्वार्टरबॅक गोलरेषेवर दोघांच्या मधे सूर मारतो, हे त्याला वर्षभर कुणी आवरलं नाही, कारण ते जमत होतं. आणि फाटक्या गुडघ्याने चार चाली! तो खेळू देण्याचा निर्णय त्याच्या एकट्यावर सोडायला नको होता. खेळाडू अशा वेळी ‘ठीक आहे’ म्हणणारच.

तिसरी गोष्ट पुढच्या वर्षांची. २०१८ मध्ये वेन्ट्झ परतला, पुन्हा जायबंदी झाला, फोल्सने पुन्हा संघ बाद फेरीत नेला. दोघांनाही ठेवणं परवडणारं नव्हतं. फोल्स जॅक्सनव्हिलला गेला आणि जून २०१९ मध्ये वेन्ट्झशी १२ कोटी ८० लाख डॉलरचा चार वर्षांचा वाढीव करार झाला. मग २०२० मध्ये संघाने जुनंच धोरण पुन्हा वापरलं आणि ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स घेतला. बाकावर भक्कम माणूस हवा, हे २०१७ने शिकवलं होतं. पण फोल्स आला तेव्हा वेन्ट्झ उगवता तारा होता आणि आपण दुसरे, हे फोल्सला पक्कं ठाऊक होतं. हर्ट्स आला तेव्हा वेन्ट्झ दुखापतींनी आणि पुतळ्याच्या सावलीने बेजार झालेला होता. खुर्ची तीच, पण शेजारी बसलेल्याला ती आता विम्यासारखी दिसत नव्हती. हे आधी त्याच्याशी नीट बोलून घेता आलं असतं. डिसेंबर २०२० मध्ये वेन्ट्झ बाकावर बसला आणि फेब्रुवारीत इंडियानापोलिसला गेला, तेव्हा तिथे मुख्य प्रशिक्षक असलेल्या राइककडेच. हर्ट्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सना दुसरा सुपर बोल जिंकून दिला. म्हणजे धोरण चूक नव्हतं.

तोवर पीडरसन कधीच गेले होते. त्यांचा ईगल्सकडचा शेवटचा सामना ३ जानेवारी २०२१चा, वॉशिंग्टनविरुद्ध. शेवटच्या सत्रात संघ १४-१७ असा मागे, सामना हातातून गेलेला नाही, आणि पीडरसननी हर्ट्सला बाहेर घेऊन बाकावरच्या माणसाला पाठवलं. सबंध देशातून टीका झाली. संघ १४-२० हरला आणि आठ दिवसांनी पीडरसनची नोकरी गेली. बाकावरून उतरलेला तो माणूस नेट सडफेल्ड होता.